राज्य कुणावर आलं?

आमच्या वाचनालयातर्फे शाळेतल्या मुलांसाठी एक हस्तलिखित निघतं. यंदा त्याचा विषय ‘आपला गाव, आपला कारभार’ असा ठरला आणि त्यातली चार पानं माझ्या वाट्याला आली. राज्य चालवण्याशी संबंधित शब्द गोळा करायचे, ते रोजच्या बोलण्यात कसे येतात ते पाहायचं आणि मुलांना समजेल असं लिहायचं. मी मुंबईत नोकरीभर हिशेब लिहिले, निवृत्त झाल्यावर मालवणला घरी येऊन राहिले. व्युत्पत्ती कशी शोधतात, कोश किती तऱ्हेचे असतात, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. वाचनालयाच्या बाईंना मी तसं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुमच्याकडे दिलंय. तुम्ही विचारत विचारत जाल, तसं मुलांनाही कळत जाईल.”

पहिल्या दिवशी मी आठवतील ते शब्द कागदावर उतरवले: राज्य, सत्ता, शासन, सरकार, प्रशासन, अंमल, राजवट, हुकूमत, कारभार. शाळेत समानार्थी शब्द पाठ केले होते, तेव्हा एकाच्या जागी दुसरा घालून बघावं असं ठरवलं. सरकार पडतं, पण शासन पडलं असं कुणी म्हणत नाही. शासननिर्णय निघतो, सरकारनिर्णय निघत नाही. माणूस सत्तेवर येतो, कारभारावर येत नाही. कारभार तो हाती घेतो, बघतो, हाकतो. अंमल बसतो, आणि दारूचाही अंमल चढतो. गैरकारभार होतो, गैरराजवट होत नाही. ‘नसता कारभार करू नकोस’ असं आई मुलाला दटावते, तिथे तर दुसरा कुठलाच शब्द चालत नाही. संध्याकाळपर्यंत कागदावर खुणाच खुणा झाल्या आणि एकमेकांच्या जागी सरसकट बसेल अशी एकही जोडी हाती लागली नाही.

मग मी कोशांच्या कपाटाकडे वळले. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत छापला गेला. त्याआधीचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. कोशातला शब्द शोधायला लागणारा वर्णक्रमसुद्धा मला नीट आठवेना. ‘का’ची पानं ‘क’च्या किती मागून येतात हे बोट ठेवून बघावं लागलं. कारभार हा शब्द कार्य आणि भार मिळून झाला असेल अशी माझी समजूत होती. तो फारसीतल्या ‘कारोबार’वरून आला आहे. ‘कार’ म्हणजे काम. हिंदीत कारोबार अजून व्यापारधंद्यातच राहिला, आपल्याकडे मात्र तो राज्य चालवण्यापर्यंत गेला. ‘बार’चा ‘भार’ कसा झाला? मला वाटतं मराठी कानाला त्यात ओझं ऐकू आलं असावं, आणि ते ऐकू आल्यावर पुन्हा ‘बार’ म्हणायची कुणाला गरज वाटली नाही.

एक ‘कार’ सापडला आणि त्याचं सगळं खानदान दिसू लागलं. सरकार, म्हणजे कामाचा जो वरचा तो. कारकून, काम करणारा. कारखाना, कामाची जागा. कारकीर्दसुद्धा त्यांतलीच. फारसीतलं ‘कार’ आणि संस्कृतातलं ‘कृ’, म्हणजे आपलं करणं, कार्य, कर्म, हे फार जुन्या काळी एकाच मुळातून फुटलेले आहेत असं भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे माझी समजूत थोडी दूरच्या वाटेने नात्यातच निघाली. मला जास्त नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. राजाचा मुकुट, सिंहासन, तलवार यांपैकी काहीच या शब्दांत नाही. सगळीकडे फक्त काम आहे.

कोशातून जे कळलं ते माणसांना विचारून बघावं म्हणून शेजारच्या काकींकडे गेले. काकी ऐंशीच्या पुढच्या, ओसरीवर बसून कोकमं फोडत होत्या.

“काकी, तुमच्या घरचा कारभार कोण बघतं?”

“आता सून बघता. मिया कधीच दिलंय तिच्याकडे.”

“दिला म्हणजे नेमकं काय दिलं?”

काकींनी हात पुसले. “तांदूळ किती आसत, पावसात लाकडां किती लागतली, सोलां किती सुकवूची, खंयच्या लग्नाक काय देवचा, दारार कोण इलो तर तेका काय सांगूचा. ह्या सगळा जेच्या डोक्यात, तेचो कारभार.”

“आणि हुकूम कोण देतं?”

“हुकूम कशाक व्हयो गो बाये? सगळ्यांका ठावक आसा.”

त्यांनी मला माजघरातलं फडताळ उघडून दाखवलं. सोलांची बरणी, जाड मीठ, सुक्या बांगड्यांचा डबा, पावसाळ्याची सगळी बेगमी, आणि एका कोपऱ्यात हिशेबाची वही. वहीत अर्ध्यापर्यंत काकींचं तिरकं, शाईचं अक्षर होतं. मग एक ओळ कोरी, आणि तिथून पुढे सुनेचं बॉलपेनचं. नोकरीच्या सवयीने माझी नजर आधी शिलकेवर गेली. काकींच्या शेवटच्या पानावरची शिल्लक सुनेच्या पहिल्या ओळीत पैशासकट उतरली होती. राज्य एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची इतकी स्वच्छ नोंद मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

देशावर, म्हणजे घाटापलीकडे, शेतकऱ्याची बायको नवऱ्याला ‘कारभारी’ म्हणते आणि तो तिला ‘कारभारीण’. आमच्या किनाऱ्यावर ही हाक फारशी ऐकू येत नाही. पण तोच शब्द संस्थानांत राजाच्या दिवाणालाही होता. पुण्याच्या पेशवाईतही नारायणरावांच्या खुनानंतर, १७७३-७४ च्या सुमारास, ज्या मुत्सद्द्यांनी सूत्रं हाती घेतली त्यांच्यावरून ‘बारभाईचा कारभार’ हा वाक्प्रचार मराठीत राहिला. बारा जणांनी चालवलेला आणि कुणाच एकाचा नसलेला, असा त्याचा अर्थ आज आपण घेतो. घरातला नवरा, संस्थानचा दिवाण आणि पेशवाईतले मुत्सद्दी यांना एकच शब्द पुरतो, हे मी मुलांसाठी जाड अक्षरात लिहून ठेवलं.

‘राज्य’ या शब्दाला मी हात लावला नव्हता. तो इतका ओळखीचा, त्यात शोधायचं काय असं वाटत होतं. एका संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्याच्या अलीकडे, मुलं लपाछपी खेळत होती. मालवणात सांगतात की सिंधुदुर्गाची पायाभरणी करताना पूजा याच खडकावर झाली. गणपती, चंद्र, सूर्य त्यावर कोरलेले आहेत. मुलं हात पुढे करून सुटत होती. एकेक जण सुटत गेला, शेवटी एक मुलगी उरली आणि सगळे एकदम ओरडले, “तुझ्यार राज्य इला!” मी तशीच थांबले. हे वाक्य मीही लहानपणी रोज ऐकलं होतं. महाराष्ट्रभर मुलं असंच म्हणतात. खेळ थांबल्यावर मी तिला जवळ बोलावून विचारलं, “राज्य आलं म्हणजे चांगलं की वाईट?”

“वायट!” ती लगेच म्हणाली. “सगळ्यांका शोधूक लागता.”

मोठी माणसं राज्य करतात, मुलांवर राज्य येतं. मोठ्यांचं राज्य मिळवायचं असतं, मुलांचं चुकवायचं असतं. ज्याच्यावर राज्य, त्याने डोळे मिटून उभं राहायचं, बाकीच्यांना लपायला वेळ द्यायचा आणि मग प्रत्येकाला शोधून काढेपर्यंत सुटका नाही. खेळाचे हे नियम कुणी लिहून ठेवलेले नाहीत. मुलांनी आपल्या अनुभवाने शब्दाला जो अर्थ दिला तो इतकी वर्षं टिकला आहे, आणि मला तो फार खरा वाटतो. माझ्या चार पानांतलं एक अख्खं पान मी या खेळाला दिलं.

आता किल्ल्याकडे जाणं भागच होतं. मालवणच्या धक्क्यावरून होडीने सिंधुदुर्गावर जायला थोडाच वेळ लागतो. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरात या किल्ल्याचं काम सुरू करवलं आणि ते १६६७ मध्ये पुरं झालं. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आत आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जे मराठा किल्ले जागतिक वारशात घेतले त्या बारांमध्ये सिंधुदुर्ग आहे, विजयदुर्गही आहे. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते राज्यव्यवहारकोशाबद्दल, आणि तो किल्ल्यावरून परतल्यावर वाचनालयात हाती आला.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून दरबारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश करून घेतला. तो श्लोकांत आहे आणि त्याचे दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. मला संस्कृत येत नाही. सुरुवातीला मी नुसती वर्गांची नावंच वाचली, आणि तेवढ्यानेही लक्षात आलं की ही एका राज्याची यादी आहे. राजापासून बाजारापर्यंत ज्याची ज्याची व्यवस्था लागते ते सगळं तिच्यात आहे. मला वाटायचं शब्दकोश शाळेसाठी असतात. हा कोश राज्य चालवायच्या कामासाठी केलेला होता.

याच काळात मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यांतले मंत्री आणि सचिव आज मंत्रालयाच्या दारोदारी पाट्यांवर आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी जाणूनबुजून पुढे आणलेले शब्द आजच्या बातम्यांत सहज येतात, हे वाचून मला मनापासून अभिमान वाटला. पण किल्ल्यावरचे अधिकारी हवालदार, सबनीस, कारखानीसच राहिले. सबनीस, फडणीस, चिटणीस, पोतनीस यांतला ‘नीस’ म्हणजे फारसी ‘नविस’, लिहिणारा. ही पदं कधीच संपली, आडनावं मात्र आमच्या मतदारयाद्यांत आहेत. शाळेच्या हजेरीपटात जुन्या राज्याचं अख्खं कार्यालय बसलेलं असतं, हे मी मुलांना सांगणार आहे.

एक गोष्ट वाचताना तर मी दोनदा मागे गेले. रामचंद्रपंत हे अमात्य, म्हणजे नव्या संस्कृत पदाचे धनी. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा मागे राहिलेल्या राज्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली गेली, आणि त्या जबाबदारीसाठी त्यांना जो किताब मिळाला तो होता ‘हुकूमतपन्हा’. शब्द फारसी. संकटाच्या त्या काळात जो किताब सगळीकडे एकदम समजेल तो दिला गेला असावा, असं मला वाटतं. त्याच पंतांच्या नावावर आज्ञापत्र आहे, राज्य कसं चालवावं हे सांगणारं मराठी गद्य, आणि त्यात किल्ल्यांवर आणि आरमारावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. विसाव्या शतकात माधव ज्यूलियनांनी फार्शी-मराठी कोश केला तो १९२५ मध्ये, आणि पुढे १९३८ मध्ये भाषाशुद्धीच्या बाजूनेही पुस्तक लिहिलं. एकच माणूस आधी हे शब्द प्रेमाने मोजतो आणि मग त्यांची जागा कुठे असावी याचा विचार करतो, हे मला प्रामाणिक वाटतं. सिंधुदुर्गाचं नाव शुद्ध संस्कृत आहे. मालवणातला माणूस होडीत बसताना मात्र म्हणतो, “किल्ल्यार जातंय.”

आमच्या किनाऱ्यावर राज्यं पुष्कळ झाली. मालवण कोल्हापूरकरांकडे होतं ते १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेलं. थोडं दक्षिणेला सावंतवाडी संस्थान १९४८ पर्यंत सावंत-भोसल्यांचं. त्यापलीकडे गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज. एका आजोळी सरकार, एका मावशीकडे संस्थान आणि एका आत्याकडे पोर्तुगीज अंमल अशी घरं इथे होती. गोव्यात गावप्रमुखाला ‘रेजिदोर’ म्हणत, पोर्तुगीज शब्द, मूळ अर्थ राज्य करणारा. गावाच्या जमिनीचा कारभार बघणारी गांवकारी त्याहून जुनी. पोर्तुगिजांनी १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून घेतले आणि पुढे तिला कोमुनिदाद म्हटलं. आमच्याकडे गावकर हे आडनाव आहे आणि देवळातला मानही.

देवळाकडे मी सर्वांत शेवटी जायचं ठरवलं होतं, कारण तिथे राज्यकारभाराचे शब्द सापडतील असं वाटलं नव्हतं. घरचं एक गाऱ्हाणं घालायचं होतं म्हणून गेले. महाराष्ट्रात इतरत्र गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. इथे ते देवापुढे उभं राहून घालतात. मानकरी देवाला ‘म्हाराजा’ म्हणून हाक मारतात, बारा-पाचाला साद घालतात, घरातल्या माणसांची नावं सांगतात, काय हवं ते मागतात, आणि प्रत्येक वाक्याला मागची सगळी माणसं “व्हय म्हाराजा” म्हणून साथ देतात. हे मी लहानपणापासून ऐकत आले. या वेळी पहिल्यांदा शब्द ऐकले. महाराज, गाऱ्हाणं, मानकरी. दरबारच भरलेला होता.

मग कौल. देवाच्या अंगावर फुलं किंवा तांदूळ लावतात, प्रश्न विचारतात, आणि उजवीकडचं पडलं की डावीकडचं यावरून उत्तर घेतात. ‘कौल’ अरबीतून आला, अर्थ वचन. मराठ्यांच्या आणि त्याआधीच्या राज्यांत रयतेला जमीन कसायला बोलावताना जो अभयाचा कागद देत तो कौल, कौलनामा. आज निवडणुकीचा निकाल लागला की वर्तमानपत्रं ‘जनतेचा कौल’ लिहितात. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौलाने ठरते. आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते: सगळा गाव, गुरंढोरं, कोंबडीकुत्र्यांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस राहतो, सगळ्या धर्मांची माणसं जातात. या गावपळणीसाठी कुठला शासननिर्णय निघत नाही, आणि गाव पुरा रिकामा होतो. राजाने रयतेला द्यायचा कौल, देवाने गावाला द्यायचा कौल आणि लोकांनी सरकारला द्यायचा कौल, हे तिन्ही एका शब्दात आहेत. या शब्दापुढे मी बराच वेळ पेन ठेवून बसले.

सरकारी कचेरीतले शब्द त्यामानाने पटकन झाले. तहसीलदार, तलाठी, दाखला, फेरफार, जमाबंदी ही जुनी मंडळी. महाराष्ट्राने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केलं, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम केला, आणि अधीक्षक, आयुक्त, संचालक असे शब्द फायलींत रुळले. अलीकडे तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं झालं आहे. गावात सगळे अजून तलाठीच म्हणतात. सरपंच या शब्दात मात्र मला आनंद झाला. ‘सर’ फारसी, म्हणजे डोकं, मुख्य, ‘पंच’ आपले. दोन भाषांचा शब्द, आणि त्या खुर्चीवर आज राज्यात निम्म्या जागी कायद्यानेच बाई बसते.

पानं भरली होती, तरी समुद्राचं काहीच त्यात आलं नव्हतं. एका तांडेलाला, माझ्या दादांच्या वयाच्या, मी सुकाणूबद्दल विचारलं. ‘राज्याचं सुकाणू’ आपण म्हणतो, ‘सुकाणू समिती’ नेमतो. सुकाणू अरबी, दर्यावर्दी लोकांबरोबर आलेला. इंग्रजीतलं गव्हर्नमेंटसुद्धा ज्या ग्रीक शब्दापर्यंत मागे जातं त्याचा अर्थ जहाज चालवणं असा आहे, हे मी नुकतंच वाचलं होतं आणि ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सुकाणू पकडूक कोणय शिकता. रापणीत ये, थंय बघ कोण कोणाचा ऐकता ता.”

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी समुद्रात अर्धगोल घेऊन जाळं सोडत जाते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडून माणसं ओढत येतात. एका बाजूने जास्त ओढलं तर जाळं वाकडं होतं, मासळी निसटते. मी दोर धरायला गेले तेव्हा कुणी हुकूम दिलेला मला ऐकू आला नाही. एक आवाज येई आणि सगळे एकदम मागे सरत. मासळी आल्यावर वाटे झाले. माणसांचा वाटा, जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, आणि दोराला नुसता हात लावलेल्या माझ्या पिशवीतही चार बांगडे आले. तो आवाज देणाऱ्याला काय म्हणतात, वाटे मांडणाऱ्याचा शब्द कुणी मोडला तर काय करतात, भांडण कुठे मिटवतात, हे सगळे शब्द अजून उतरून घ्यायचे आहेत आणि ते कुठल्याच कोशात मला मिळालेले नाहीत. वाचनालयाच्या बाईंकडे मी आणखी दोन पानं मागितली आहेत. तांडेलांनी उद्या पहाटे उजाडायच्या आधी बोलावलं आहे.